चळवळी, वर्तमानपत्रे आणि आपली नोंदवही

(मंडळाच्या नामपूर येथील कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही पत्रकार नाही, इतिहासाचे प्राध्यापकही नाही. बँकेच्या खिडकीत बसून नोटा मोजणारे, कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. तरीही मंडळाने ‘चळवळी आणि प्रसारमाध्यमे’ हा विषय आमच्याकडे दिला. तेव्हा जे वाचले आणि जे स्वतः भोगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा की, चळवळ वर्तमानपत्रांमुळे वाढते का? आणि वर्तमानपत्रांनी पाठ फिरवली की ती संपते का?

सुरुवात बाबासाहेबांपासूनच केली पाहिजे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी मदत दिली. पण ‘केसरी’ने या पत्राची साधी जाहिरातसुद्धा, पैसे घेऊनही, छापण्यास नकार दिला. ज्याच्या घरी छापखाना, त्याच्याच तोंडी शब्द, अशी ती स्थिती होती. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. पैशाअभावी नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही बंद पडले.

आता तारखा नीट पाहा. आपल्या नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला मार्च १९३० मध्ये. ‘जनता’ सुरू झाले त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला. म्हणजे सत्याग्रहाचे पहिले आठ महिने बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे चालू पत्र नव्हते. त्यातच १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि साऱ्या देशाचे डोळे मिठाकडे लागले. नाशिकच्या बंद दरवाजापुढे उन्हात बसलेल्या माणसांकडे कोण पाहणार?

तरीही तो सत्याग्रह पाच वर्षे चालला. कशाच्या बळावर? दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर आणि खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या आयाबायांच्या बळावर. बाबासाहेब मुंबईहून दादासाहेबांना पत्रे लिहीत. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आहेत, विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावीत. मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की, मूर्तिपूजक होण्यासाठी आपण हा लढा उभारलेला नव्हता, समाजाला जागे करण्यासाठी उभारला होता. ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. मित्रांनो, थांबवणे वेगळे आणि विझणे वेगळे. आपल्या निर्णयाने, कारण लिहून थांबवलेली चळवळ पराभूत होत नाही.

त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात, धर्मांतराची घोषणा झाली. तिची चर्चा देशभर झाली. परंतु त्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षे लागली. एवढा काळ कोणते वर्तमानपत्र एक बातमी पहिल्या पानावर ठेवील? तेवढा काळ तो विचार जपला ‘जनता’ने, जे १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले, आणि वस्त्यावस्त्यांतील बैठकांनी.

याच्या उलट उदाहरण दलित पँथरचे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी ती उभी केली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यातील राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवरून गदारोळ झाला. निषेधाची पत्रे छापली गेली आणि त्या निषेधातूनच पँथरचे नाव गावोगाव पोचले. शिव्या देणाऱ्यांनीच दवंडी पिटली, असे म्हणा ना! जानेवारी १९७४ मध्ये वरळीची दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले, आणि पँथर रोजच्या बातमीचा विषय बनली.

पण त्याच वर्षी ढाले आणि ढसाळ यांच्यात वाद झाला. बुद्ध की मार्क्स, यावर मतभेद झाले. असा वाद कोणत्याही जिवंत संघटनेत होतो, तो घरात बसून सोडवता येतो. हा मात्र वर्तमानपत्रांतून गाजला. आज एकाचे निवेदन, उद्या दुसऱ्याचे उत्तर. अत्याचाराची बातमी आतल्या पानावर गेली आणि भांडणाची पुढे आली. १९७७ मध्ये ढाले-पवारांनी संघटना बरखास्त केली, इतरांनी ‘भारतीय दलित पँथर’ या नावाने काम पुढे चालवले. पँथर वर्तमानपत्रांनी संपवली, असे आम्ही म्हणणार नाही. पोलिसांचे खटले होते, सत्तेची ओढ होती, आपसातला अविश्वास होता. मात्र दुहीची फट रुंद करण्याचे काम छापील शब्दाने केले, हे नाकारता येत नाही.

यात वर्तमानपत्रांचा धर्म समजून घेतला पाहिजे. बातमीला रोज नवे लागते आणि चळवळीची मागणी तर वर्षानुवर्षे तीच असते. बातमीला एक चेहरा लागतो, चळवळीला हजार हात लागतात. शिवाय वर्तमानपत्र जाहिरातीवर चालते. आपली ही स्मरणिकासुद्धा गावातील व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवरच निघते, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवताना थोडे जपून!

अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले. मागणी मुख्यतः वनहक्काची. पहिल्या एकदोन दिवसांत फारशी दखल कोणी घेतली नाही. मुंबई जवळ आली आणि सोललेल्या पावलांची छायाचित्रे देशभर झळकली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून ही माणसे रात्रीच चालून १२ मार्चला आझाद मैदानात पोचली, तेव्हा शहराचे मन हेलावले. आश्वासने मिळाली, कॅमेरे गेले. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना पुन्हा चालावे लागले. कॅमेरे गेल्यावरही ती पुन्हा निघू शकली, कारण गावागावांत त्यांची संघटना शाबूत होती. खरी शिकवण इथे आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आम्ही काही मंडळी एका कार्यालयासमोर धरणे धरून बसलो. पहिल्या दिवशी दोनशे माणसे होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. आम्ही तो खिडकीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवत होतो. मग नावांच्या क्रमावरून रुसवेफुगवे सुरू झाले. पुढच्या बैठकीला चाळीस आले, त्यापुढच्या बैठकीला नऊ. अखेर साहेबांनी बोलावून विचारले, “कोणाकोणाचे पैसे राहिले, त्याची यादी द्या.” आमच्याकडे कात्रण होते, यादी नव्हती! ती करण्यात दीड महिना गेला. तेवढ्यात एका मुलीची परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख उलटली. ती मुलगी पुन्हा कॉलेजात दिसली नाही. त्या कात्रणाकडे आज पाहवत नाही.

बँकेत पासबुकावर नोंद दिसण्यासाठी आधी खात्यात रक्कम भरावी लागते. चळवळीचेही तसेच आहे. बातमी ही नोंद आहे, रक्कम नव्हे. नुसत्या नोंदी वाढवल्या तर संध्याकाळी रोकड जुळत नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, मंडळाची नोंदवही असावी. कोणावर अन्याय झाला, अर्ज कधी दिला, उत्तर काय आले, हे तारीखवार लिहावे. दोन, विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला विहारात भित्तिपत्रक लावावे, मोबाइलवरचा निरोप दुसऱ्या दिवशी वर सरकून जातो. तीन, वार्ताहराला जरूर बोलवावे, त्याचा मान राखावा, पण तो येवो न येवो, ठरलेली बैठक ठरल्या वेळी व्हावी.

बाबासाहेबांकडे छापखाना नव्हता तेव्हाही माणसे होती आणि लेखणी होती. आपल्याकडे आज दोन्ही आहेत. नोंदवहीचे पहिले पान या आठवड्यातच लिहू या. त्या मुलीचे नाव आम्ही त्यात स्वतः लिहिणार आहोत.