जीर्णोद्धारातून साकारलेले संग्रहालय



कोणतीही संस्था वाढू लागली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. जुनी वास्तू अपुरी पडते. मग ती पाडून नवी उभारावी की आहे तीच सावरावी? नव्या वास्तूसाठी देणगीदार आनंदाने पुढे येतात, कारण तिच्या दर्शनी भागावर नामफलक लागतो. जुन्या भिंतीतील ओल काढण्यासाठी हात सैल होणे मात्र अवघड असते. अमेरिकेतील येल विद्यापीठाने आपल्या कलासंग्रहालयापुरते या प्रश्नाला दिलेले उत्तर मननीय आहे.

येलचे आणि भारताचे नाते जुने आहे. मद्रासचा माजी गव्हर्नर एलिहू येल याने १७१८ मध्ये तेथील एका लहानशा महाविद्यालयाला मालाच्या ९ गाठी, ४१७ ग्रंथ आणि राजाचे एक चित्र पाठविले. तो माल विकून सुमारे ५६२ पौंड आले आणि महाविद्यालयाला दात्याचे नाव मिळाले. पुढे १८३२ मध्ये चित्रकार जॉन ट्रम्बुल याने वार्षिक तनख्याच्या बदल्यात आपली शंभराहून अधिक चित्रे विद्यापीठाला दिली. संग्रहालयाचा आरंभ तेथून झाला.

संग्रह वाढत गेला, तशा वास्तूही वाढल्या. १८६६ मध्ये कलाशिक्षणासाठी स्ट्रीट हॉल उभा राहिला. १९२८ मध्ये दगडी कमानींची दुसरी वास्तू आली आणि रस्त्यावरून बांधलेल्या पुलाने ती स्ट्रीट हॉलला जोडली गेली. १९५३ मध्ये लुई कान या वास्तुविशारदाने काच, वीट आणि काँक्रीट यांची तिसरी वास्तू रचली. त्रिकोणी पोकळ्यांचे तिचे काँक्रीटचे छत आजही अभ्यासाचा विषय आहे.

परंतु उत्तम वास्तूलाही गैरसोयीचे दिवस येतात. कानने मोकळी ठेवलेली दालने आडभिंतींनी अडविली गेली. खोलगट अंगणावर छप्पर आले. पोलादी चौकटीच्या काचभिंतीवर थंडीत पाणी साचू लागले. तिकडे स्ट्रीट हॉलमध्ये वर्ग भरत असल्याने ती जागा चित्रांना मिळत नव्हती.

विद्यापीठाने तिन्ही वास्तू राखून त्यांचे एकच संग्रहालय करण्याचे ठरविले. प्रथम कानची वास्तू हाती घेतली गेली. नंतर घुसडलेल्या भिंती काढल्या, अंगण पुन्हा उघडे केले आणि काचभिंत मूळ रूपाला धक्का न लावता, बाहेरची थंडी आत येणार नाही अशा चौकटींत नव्याने बसविली. हे काम २००६ मध्ये संपले. कलेतिहासाच्या वर्गांना २००८ मध्ये अन्यत्र जागा मिळाली आणि स्ट्रीट हॉल मोकळा झाला.

खरी कसोटी पुढेच होती. तीन काळांतील तीन वास्तूंचे मजले एका पातळीवर नव्हते. नवे जिने व लिफ्ट यांनी ते असे जोडले गेले की, दर्शक एका शतकातून दुसऱ्यात सहज पाऊल टाकतो. तरीही तिन्हींचा चेहरामोहरा एकसारखा करण्याचा मोह टाळला गेला. नवी भर पडली ती मुख्यतः १९२८ च्या वास्तूच्या छतावर. विद्यार्थ्यांना मूळ कलाकृती समोर ठेवून शिकता यावे यासाठी अभ्यासकक्षही योजिले गेले. विद्यापीठाच्या संग्रहालयाचे वेगळेपण यातच असते; तेथे पाहणे हा शिक्षणाचाच भाग होय.

१२ डिसेंबर २०१२ रोजी संपूर्ण संग्रहालय खुले झाले. प्रदर्शनाची जागा सुमारे ४० हजार चौरस फुटांवरून ७० हजारांवर गेली. खर्च सुमारे १३.५ कोटी डॉलर झाला. जीर्णोद्धार स्वस्त असतो हा समज यावरून दूर व्हावा. एवढा खर्च करूनही प्रवेश मात्र सर्वांना विनामूल्यच राहिला.

याच लुई कानने अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे विटांचे संकुल रचले. १९७४ मध्ये तेथूनच परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्या संकुलातील ग्रंथालयाचा जीर्णोद्धार २०१८ मध्ये पूर्ण होऊन त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तथापि, डिसेंबर २०२० मध्ये तेथील १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेतला गेला. पण २०२२ मध्ये काही वास्तूंच्या पुनर्बांधणीचा विचार पुन्हा मांडला गेला. भूकंपाने व ओलीने खिळखिळ्या झालेल्या इमारतींत विद्यार्थ्यांची सुरक्षितता हा संस्थेचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच दुरुस्ती वेळीच करावी लागते; उशीर झाला की निवड हातात राहत नाही.

येलच्या कामातील पुष्कळसे द्रव्य चौकटींत, जिन्यांत आणि भिंतींमागे गेले. तेथे कोणाचा नामफलक दिसत नाही. परंतु त्याच द्रव्याने पूर्वीच्या दात्यांचे दान शाबूत राखले. संस्थांच्या चालकांनी आणि दात्यांनी अशा न दिसणाऱ्या दानालाही मानाचे पान द्यावे, एवढेच नम्र निवेदन.