घरची बोली आणि देवळांतील भाषा



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एका घरगुती विषयावर बोलूं इच्छितों. आम्ही वसईचे सामवेदी ख्रिस्ती जन एका दिवसांत किती भाषा बोलतों, याचा हिशेब कोणीं केला आहे काय? पहांटे वाडींत केळीला पाणी सोडतांना तोंडीं कादोडी. मिस्साच्या वेळीं शुद्ध मराठी. विरारला गाडींत चढलों कीं मुंबईची हिंदी, आणि कचेरींत इंग्रजी.

कादोडींत पुष्कळ ठिकाणीं ‘स’चा ‘ह’ होतो आणि ‘च’चा ‘स’. घरीं ‘हांग’ म्हणणारा मुलगा शाळेचा उंबरठा ओलांडतांच ‘सांग’ म्हणूं लागतो. हें त्याला कोणी शिकवीत नाहीं. वर्गांत एकदां हंशा पिकला कीं पुरे!

कोणी यास ढोंग म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण मराठी ओवींत रचिलें. तें १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. परंतु त्यांची धर्मशिक्षणाची दौत्रिन, जी त्यांच्या पश्चात् १६२२ सालीं निघाली, ती कोंकणींत आहे. पुराण ऐकावयाची भाषा एक आणि घरीं शिकावयाची दुसरी, हा भेद इंग्लंडांत जन्मलेल्या त्या येशूसंघीयास कळला होता.

खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागीं मराठी वेदीवर आली, याचा आम्हांस केवढा आनंद! पण हीच मराठी कांहीं वृद्धांस परकी वाटते, हें आमच्या ध्यानीं येत नाहीं. आमच्या ओळखीच्या एक आजी वर्षानुवर्षें पापनिवेदनांत पाठ केलेलीं तींच चार वाक्यें म्हणत असत. एकदां जाळीपलीकडून एका धर्मगुरूंनीं कादोडींत विचारपूस केली. पुढें आजींनींच घरीं सांगितलें कीं, चाळीस वर्षांपूर्वीं गेलेल्या लेकराचें दुःख त्या दिवशीं प्रथमच देवापुढें मांडतां आलें. पुस्तकी मराठींत त्याला शब्द सांपडले नव्हते.

आणि आज आम्हीच मुलांशीं घरांत कादोडी बोलत नाहीं. मुलें मागें पडतील ही भीति. इंग्रजी शिकवावी, अवश्य शिकवावी! पण त्या आजींच्या पणतूस त्यांचें बोलणें आतां निम्मेंच समजतें.

हें भाषण आम्ही पुस्तकी मराठींत केलें, कारण स्थळ तसें आहे. मांडवांत पंगतीस बसल्यावर मात्र आम्हांस कोणी शुद्ध बोलावयास लावूं नये. आणि आपापल्या मुलांस जवळ बसवावें.