रक्त द्या, पण प्रश्नही विचारा

(सिकलसेल तपासणी शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, बँकेत कारकून आहे आणि जन्मापासून सिकलसेलचा रुग्ण आहे. संयोजकांनी मला रुग्णाचे मनोगत मांडायला सांगितले. मनोगतात माणूस आपले दुःख सांगतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना हे दुःख काय सांगायचे? रोवणीच्या पावसात भिजल्यावर हाडे कशी ठणकतात, हे इथल्या अनेक घरांना ठाऊक आहे. म्हणून मी आज या आजारावरच्या संशोधनाबद्दल बोलणार आहे, आणि त्याकडे मी शंकेने का पाहतो, तेही सांगणार आहे.

लहानपणी माझ्या दुखण्याला घरचे वात म्हणत, डोळे पिवळे झाले की कावीळ म्हणत. पुढे गावात एक शिबिर झाले. रांगेत उभे करून आमचे रक्त घेतले, वहीत नावे लिहिली, आणि ती माणसे परत आली नाहीत. काही वर्षांनी दुसरे शिबिर झाले. या वेळी चिठ्ठी मिळाली. माझ्या धाकट्या बहिणीच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘पॉझिटिव्ह’. त्या एका शब्दावर तिचे जमलेले लग्न मोडले. नंतर नागपूरला इलेक्ट्रोफोरेसिस केले, तेव्हा ती फक्त वाहक असल्याचे कळले. शिबिरात केलेली सोल्युबिलिटी चाचणी वाहकाची आणि रुग्णाची दोघांचीही ‘पॉझिटिव्ह’च येते. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. हे तपासणाऱ्यांना माहीत असणारच. आम्हाला मात्र कोणी सांगितले नाही.

मित्रहो, हा आजार नवा नाही. १९१० साली अमेरिकेतील डॉ. हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची पहिली नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ आपले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली जात आहे. महार, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत वाहक किती, याचे तक्ते पुष्कळ झाले. आपण मोजले गेलो. पण मोजणे म्हणजे उपचार नव्हे.

गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग यांनी याबाबत मोठ्या प्रामाणिकपणे एक कबुली दिली आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेलचे सर्वेक्षण केले. पण ती लोकांनी सांगितलेली गरज नव्हती, ते आपल्या बौद्धिक कुतूहलातून घडले, असे त्यांना नंतर जाणवले. पुढे लोकांना विचारून विषय ठरवण्याकडे ते वळले. अशी कबुली द्यायला मन मोठे लागते.

आता माझ्या शंका सांगतो. पहिली शंका अशी की, या आजारात वेदनेचे झटके येतात आणि आपोआप ओसरतातही. माणूस दवाखान्यात किंवा वैद्याकडे जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही दिले तरी थोडे बरे वाटणारच. म्हणून ज्यांना खरे औषध दिले आणि ज्यांना तसेच दिसणारे निरुपयोगी औषध दिले, अशा दोन गटांची तुलना झाल्याशिवाय ‘गुण आला’ हे बोलणे मी मानत नाही. मग ते जडीबुटीवाल्याचे असो की मोठ्या डॉक्टरांचे.

दुसरी शंका, कोणाला मोजले याची. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असे पुष्कळ वर्षे म्हटले गेले. नागपूरच्या रुग्णालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे तीव्र आजाराची मुले पुष्कळ दिसली. रुग्णालयात जास्त आजारी मुलेच येतात, हे खरे. पण गावात सर्वेक्षणाला जावे तर लहानपणीच गेलेली मुले रांगेत नसतात. एकाच बाजूची नोंद पाहून खाते जुळत नाही.

तिसरी शंका, काय मोजले याची. २०१९ साली अमेरिकेत व्होक्सेलोटर या औषधाला मान्यता मिळाली, ती मुख्यतः हिमोग्लोबिन वाढते या आधारावर. पण रुग्णाला हवे असते कमी दुखणे आणि जास्त आयुष्य. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनेच ते औषध जगभरातून मागे घेतले, कारण वेदनेचे झटके आणि मृत्यू यांबद्दल चिंताजनक आकडे पुढे आले. कागदावर हिमोग्लोबिन जमेला होते, खर्चाची बाजू उशिरा दिसली.

म्हणून सगळेच संशोधन खोटे का? नाही. हायड्रॉक्सीयुरियाचे उदाहरण पाहा. अमेरिका व कॅनडातील २९९ प्रौढ रुग्णांचे दोन गट करून तुलना झाली आणि १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाला साधारण साडेचार झटके येत, ते अडीचवर आले. त्याच रुग्णांचा पुढे सुमारे १७ वर्षे पाठपुरावा झाला. याला मी संशोधन म्हणतो. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०१२ साली आला. मुले ६०, काळ १८ महिने. तिथेही झटके कमी झाले. त्या डॉक्टरांचे आपल्यावर ऋण आहे. पण आजार जन्मभराचा आणि अभ्यास दीड वर्षाचा! माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. तरी मी ती कॅप्सूल रोज घेतो आणि ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो. शंका घेणे म्हणजे औषध सोडणे नव्हे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. पारखून हितकारक दिसले, तर स्वीकारा आणि तसे वागा. यातला दुसरा भाग आपण विसरतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर आपल्याला हा धम्म दिला. तो डोळे मिटून मान डोलावण्यासाठी नव्हे, तसाच नुसता नकार देण्यासाठीही नव्हे.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट तेव्हा ठेवले गेले. स्वागतच आहे. म्हणून आज प्रत्येकाने रक्त द्यावे. पण देताना विचारावे, ही कोणती चाचणी? निकाल मला कधी आणि कोण सांगणार? वाहक की रुग्ण, हे लिहून देणार का? औषध कुठे मिळेल, आणि पुढच्या वर्षी माझी विचारपूस कोण करणार?

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही घरी जात नाही. ज्यांनी आमचे रक्त नेले, त्यांनीही हिशेब जुळवून मगच उठावे, एवढीच विनंती. माझी बहीण आज या शिबिरात नावे लिहून घ्यायला बसली आहे. प्रत्येक चिठ्ठीवर ती पूर्ण शब्द लिहून घेणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!