खारघरच्या खाडीवरील शारदीय पाहुणे

मोसमी पावसाने कोकणचा निरोप घेतला की, पनवेल तालुक्यातील खारघरच्या हद्दीत, तिवरांपलीकडे पसरलेल्या खाडीच्या चिखलावर, उत्तरेकडील दूरस्थ प्रदेशांतून आलेल्या तुतवार, धोबी, पाणटिवळे आदी पक्ष्यांचा हिवाळी मुक्काम सुरू होतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या गाळात पाणटिवळा आपली लांब, सरळ चोच मुळापर्यंत खुपसून किडे वेचतो, तर त्या मानाने आखूड चोचीचा तुतवार शेपटी सतत खालीवर हलवीत काठाकाठानेच भक्ष्य टिपतो. एकाच किनाऱ्यावर दोघांचा निर्वाह निर्वेधपणे चालतो, तो या भेदामुळेच.

याच दिवसांत माळावर थव्याथव्याने तरंगणारे पिवळसर चतुर अवश्य न्याहाळावेत. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत जन्मणारी ही जात ईशान्य वाऱ्यांच्या आधाराने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असे प्रतिपादन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी मालदीव बेटांवरील निरीक्षणांवरून २००९ साली केले.

भरती चढू लागली म्हणजे पक्षी काठाजवळ सरकतात. निरीक्षणास तीच वेळ उत्तम. मात्र पाणथळीवर पडणारा भराव या पाहुण्यांचे अन्नच गाडून टाकतो, म्हणून तिचे रक्षण हे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.