चारचौघांत कसे बोलावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी बोलण्यासाठी मंडळाने मला विषय दिला आहे, ‘चारचौघांत कसे बोलावे’. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. विद्वानांना सांगावे असे माझ्याजवळ काही नाही. पण मंडळात, बचतगटाच्या बैठकीत आणि गावच्या ग्रामसभेत बसून जे पाहिले, आणि थोरामोठ्यांच्या चरित्रांतून जे वाचले, त्यावरून मनात जे आले ते आपल्यापुढे मांडते. गोड मानून घ्यावे.

पहिली गोष्ट अशी की, आम्हां बायकांना बोलता येत नाही, हे मुळातच खरे नाही. नळावर, शेतात निंदणाला, लग्नघरी पापड लाटताना आपले तोंड कधी बंद असते काय? भाजी घेताना वजनात मारलेले आपण चटकन ओळखतो आणि तिथल्या तिथे बोलून दाखवतो. मुकेपण येते ते उभे राहिल्यावर. म्हणजे दोष जिभेचा नाही, सवयीचा आहे. आणि सवय ही लावून घेता येते. पहिली पोळी कोणाची गोल झाली होती?

आता कोणी म्हणेल, बाईमाणसाला सभेत बोलायचे काय अडले आहे? तर अडले आहे. १९९३ साली पंचायतीच्या कायद्याने देशभर स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. आपल्या महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. शिवाय नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असा नियम आहे. म्हणजे बसायला जागा मिळाली आणि बोलायला सभाही मिळाली. पण कितीतरी गावांत बाई खुर्चीवर बसते आणि तिचे मालक तिच्या वतीने बोलतात. लोकांनी त्याला ‘सरपंचपती’ असे नावही देऊन टाकले आहे. कायद्याने खुर्ची दिली. आवाज मात्र आपला आपणच काढावा लागतो.

काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या एक आत्याबाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या. अंगणवाडीचे छप्पर गळत होते आणि लेकरे ओल्या जमिनीवर बसत होती, हे त्यांना सांगायचे होते. त्यांनी आधी सर्वांचे आभार मानले. मग सुनेचे दुखणे सांगितले. मग रस्त्यावरचा चिखल आला, मग जुन्या काळी गाव कसे होते ते आले. छपराची गोष्ट निघाली तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, “बसा आता, आजी.” लोक हसले. आत्याबाई बसल्या. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत, आणि छप्पर त्या पावसाळ्यात तसेच गळत राहिले. हसणाऱ्यांनी वाईट केले, यात शंकाच नाही. पण भगिनींनो, आत्याबाईंचे म्हणणे सोळा आणे खरे असून ते पोहोचले नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. आपण बोलायला शिकायचे ते टाळ्या मिळवण्यासाठी नव्हे. खरी गोष्ट वाटेत हरवू नये म्हणून शिकायचे.

मग ती हरवू नये म्हणून काय करावे?

एक म्हणजे, उभे राहण्याआधी मनाशी ठरवावे की आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. एका चुलीवर एका वेळी एकच भांडे नीट शिजते. दुसरी गोष्ट कितीही महत्त्वाची असली तरी ती दुसऱ्या सभेला, नाहीतर दुसऱ्या बाईकडे द्यावी. आत्याबाईंचेच बोलणे असे करून पाहू: “मी खालच्या आळीतली. आपल्या अंगणवाडीचे छप्पर दोन ठिकाणी गळते. पावसात लेकरे ओल्यात बसतात. पावसाळ्याआधी दोन पत्रे बदलावेत, अशी माझी मागणी आहे. ती ठरावात लिहून घ्या.” एवढे बोलायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. मी कोण, अडचण काय, कोणाला त्रास, मला काय हवे, आणि ते कधीपर्यंत, या पाच गोष्टी आल्या की बोलणे पुरे झाले.

दुसरे म्हणजे, ऐकणाऱ्याच्या मनात कोणते प्रश्न उठतील ते आधीच ओळखावे. याचा एक नामी दाखला आपल्याच मराठी मुलीने घालून दिला आहे. आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकायला अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचे यजमान कलकत्त्याजवळ श्रीरामपूर येथे टपाल खात्यात होते. लोकांनी नाना तऱ्हेचे बोल लावले. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी तिथल्या कॉलेजच्या दिवाणखान्यात भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. वय अजून अठरा पुरे नव्हते. त्यांनी रडगाणे गायिले नाही, की कोणावर रागावल्या नाहीत. लोक जे प्रश्न विचारीत होते तेच त्यांनी ओळीने घेतले: अमेरिकेसच का जाते? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जाते? परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय? आणि एकेकाचे उत्तर दिले. प्रश्न आपणच मांडला की विचारणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. आपणही तसेच करावे. “पैसा कुठून आणायचा?” असे सभेत कोणी म्हणणारच, हे ठाऊक असेल तर पत्र्यांचा भाव दुकानात विचारूनच सभेला जावे.

तिसरे म्हणजे, आपल्या बोलीची लाज धरू नये. पुस्तकी शब्द आठवता आठवता खरी गोष्ट निसटून जाते. गाडगेबाबांकडे पाहा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेले मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला, मामाच्या घरी. आपल्या कारंज्याहून मूर्तिजापूर ते कितीसे लांब? शाळा त्यांनी पाहिली नाही. पण त्यांचे वऱ्हाडी कीर्तन ऐकायला हजारो माणसे बसत. ते व्याख्यान झोडीत नसत. लोकांनाच साधे साधे प्रश्न विचारीत, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, लेकरांना शाळेत घाला, हे सांगणे कडूच. पण लोकांनी स्वतःच ‘हो’ म्हटलेले असे, मग रागवायचे कोणावर? आणि आणखी एक. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. शब्दाच्या आधी काम बोलून गेलेले असे. आपल्यालाही स्वच्छतेवर बोलायचे असेल तर आधी आपले अंगण झाडून घ्यावे, एवढा धडा त्यातून घेतला तरी पुष्कळ.

चौथी गोष्ट आवाजाची. घाबरले की माणूस भरभर बोलते आणि आवाज घशात अडकतो. उभे राहिल्यावर लगेच बोलू नये. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवावेत, एक लांब श्वास घ्यावा, आणि समोर आपल्या ओळखीचा एखादा चेहरा शोधून त्या बाईलाच सांगतो आहोत असे समजून सुरुवात करावी. माईक असेल तर तो तोंडापासून चार-सहा बोटे दूर धरावा. अगदी ओठांना लावला की शब्द फाटतात. गलका झाला तर त्यावर ओरडू नये. १८८९ साली मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी पंडिता रमाबाई भरसभेत बोलायला उभ्या राहिल्या. त्यांच्या चरित्रात सांगतात की, सभेत शांतता होईपर्यंत त्या स्वस्थ उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही. तो मोठा करण्याची संधी तुम्ही बाईला कधी दिलीच नाही. अशी थांबण्याची ताकद ओरडण्यापेक्षा मोठी असते. कोणी मध्येच तोडले तर हात जोडून म्हणावे, “दादा, माझे एवढे पुरे होऊ द्या, मग तुम्ही बोला.” आणि सोडले तिथूनच पुढे धरावे.

पाचवी गोष्ट तयारीची. सगळे भाषण लिहून वाचू नये. नजर कागदात राहिली की ऐकणारे आपल्याला सोडून जातात. कागदावर चार शब्द मोठ्या अक्षरात लिहावेत, बस्स. घरी ते मोठ्याने म्हणून पाहावे. लेकीला नाहीतर सासूबाईंना समोर बसवावे. आता घरोघरी मोबाईल आहे. त्यात आपले बोलणे भरून आपणच ऐकावे. कुठे अडखळलो, कुठे उगीच लांबण लावली, हे दुसऱ्याने सांगण्याआधी आपल्याच कानाला कळते. आणि आकडे तोंडपाठ असावेत. “नळाला पाणीच नाही हो” यापेक्षा “आमच्या आळीत अमुक घरे, इतक्या दिवसांनी पाणी, आणि तेही इतकाच वेळ” हे सांगणे कोणाला उडवून लावता येत नाही.

शेवटची गोष्ट आपण नेहमी विसरतो. बोलून झाले की खाली बसून पदराने घाम पुसतो आणि सुटलो म्हणतो. पण काम तिथे संपत नाही. ग्रामसभेत जे प्रोसिडिंग बुकात लिहिले जात नाही, ते पुढच्या सभेला कोणाला आठवत नाही. म्हणून ठराव लिहून घ्या असे स्पष्ट म्हणावे. सूचक म्हणून आपले नाव सांगावे, आणि अनुमोदन देणारी एक मैत्रीण आधीच ठरवून शेजारी बसवावी. लिहिलेले वाचून दाखवा म्हणावे. यात भांडण नाही, उद्धटपणाही नाही. हा आपला हक्क आहे.

आता मंडळाने काय करावे, हेही सांगते. उभी राहिलेली बाई अडखळली तर तिला सर्वांत आधी हसतात कोण? पुष्कळदा आपणच, पदर तोंडाशी धरून. ते आजपासून बंद करूया. आणि दर महिन्याच्या बैठकीत भजनानंतर दोघी भगिनींनी तीन-तीन मिनिटे उभे राहून बोलावे, घड्याळ लावून, विषय कोणताही. बाकीच्यांनी नुसते ऐकावे. मग एक चांगले आणि एक सुधारण्याचे सांगावे. वर्षभरात चोवीस जणींचे पाय थरथरायचे थांबतील. चोवीस बायका ज्या गावात निर्धास्त बोलतात, त्या गावातल्या अंगणवाडीचे छप्पर फार दिवस गळणार नाही.

आमच्या आत्याबाई आज या सभेत पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, येत्या महिन्याची पहिली तीन मिनिटे त्यांनी घ्यावीत. आम्ही सगळ्या ऐकणार आहोत.