तांबटाची वही



तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. "गुरुजी, लिहायला तर आलं, पण आता लिहायचं काय?" असे तुमच्यापैकी काहींनी आम्हास विचारले. त्याचे उत्तर म्हणून आज एका पाखराची हकीकत सांगतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्यास मुलाकडे राहावयास गेलो. शहरात कसली आली पाखरं, तिथं नुसत्या मोटारी, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तसेच समजत होतो. पण शहरातही वड, पिंपळ, उंबर आहेत. रस्त्याच्या कडेला काटेसावर आहे. माघ-फाल्गुनात सावरीची पाने झडतात आणि झाड लाल फुलांनी भरून जाते. मग सकाळी तिथे जत्राच भरते. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, कावळे येतात, खारही येते. सगळी फुलांतला रस प्यायला येतात. खाली रिक्षांची गर्दी असते. मान वर करून पाहायला कुणाला सवड नसते.

याच दिवसांत "टुक्, टुक्, टुक्" असा आवाज ऐकू येऊ लागतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथले कारागीर तांब्याची भांडी ठोकून घडवतात. अशा ठोक्यासारखा आवाज काढतो, म्हणून या पाखराचे नावच तांबट पडले.

तांबट चिमणीहून थोडा मोठा. अंग हिरवे, म्हणून पानांत दिसत नाही. कपाळ लाल, गळा पिवळा, छातीवर लाल पट्टा. चोच जाड. ओरडताना चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो. मानही इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे आवडते खाणे.

तांबट काड्यांचे घरटे बांधत नाही. वाळलेली फांदी चोचीने कोरतो. भोक फांदीच्या खालच्या अंगाला असते. आत मादी पांढरी अंडी घालते, बहुधा दोन ते चार. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात.

हे सारे पहिल्या वर्षी आम्हास ठाऊक नव्हते. आमच्या घरासमोर शिरीषाचे जुने झाड आहे. त्याची एक फांदी वाळली होती. आम्हीच शेजाऱ्यांना म्हणालो, "वाळकी फांदी कशाला ठेवता? कुणाच्या तरी डोक्यात पडेल." रीतसर परवानगी काढली. माणूस आला, फांदी खाली पडली आणि फुटली. आत पोकळी होती. तीन अंडी होती, तिन्ही फुटली. तांबटाची जोडी संध्याकाळपर्यंत शेजारच्या फांदीवर बसून होती.

आमचा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही रोज इथंच बसता ना? तुम्हाला दिसलं नाही?"

आम्ही रोज त्याच झाडाखाली बसून वर्तमानपत्र वाचत होतो. आवाज ऐकत होतो. वर पाहिले नव्हते. त्या रात्री आम्हास जेवण गेले नाही.

दुसऱ्या वर्षी एक साधी वही आणली. त्यात असे लिहू लागलो:

"१९ फेब्रुवारी. सकाळी ७. शिरीष. तांबट दुसरी वाळकी फांदी कोरतो आहे. खाली भुसा पडला."

"१४ मार्च. सकाळी ८. पाखरे दोन. एक बाहेर आले की दुसरे आत जाते."

"६ एप्रिल. सकाळी साडेसात. चोचीत फळ घेऊन आत गेले. आत पिल्ले असावीत."

मार्चच्या अखेरीस ही फांदीही तोडायची बोलणी निघाली. एक शेजारी म्हणाले, "गुरुजी, खाली पोरं खेळतात. एखाद्याला लागलं तर?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही वही आणली आणि सर्वांसमोर वाचली. मग ठरले की फांदीखाली दोरी बांधायची, पोरांनी तिकडे खेळायचे नाही, आणि पाखरे गेली की फांदी काढायची. मे महिन्यात पिल्ले उडून गेली. पुढे आठ दिवस कुणी आत-बाहेर करताना दिसले नाही. तेही वहीत लिहिले. मगच फांदी उतरवली. पोकळी रिकामी होती.

पक्ष्यांचे थोर अभ्यासक डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) मुंबईचे. तेही लहानपणी चिमणीच्या घरट्यावर नजर ठेवून टिपण लिहीत. सुरुवात अशीच साधी असते.

लिहिताना तारीख, वेळ, जागा आणि काय पाहिले, एवढेच लिहा. ऐकीव लिहू नका. आम्ही एकदा सवयीने लिहिले, "कोकिळा गाते." नंतर झाडाखाली थांबून नीट पाहिले. "कुहू कुहू" करणारे पाखरू काळे होते. तो नर, म्हणजे कोकीळ. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, त्या दिवशी स्वतःची केली. आणि एक सांभाळा. घरट्याला हात लावू नका, लांबूनच पाहा.

तुम्ही रानात वावरता. आमच्याहून कितीतरी अधिक पाखरे तुम्हास ठाऊक आहेत. पण जे मनात राहते ते विसरते, आणि चारचौघांना दाखवता येत नाही. आता तुमच्या हाती लेखणी आहे. पुढच्या वर्गाला येताना आपल्या दारच्या झाडावर जे दिसेल त्याची एक ओळ लिहून आणा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. तारीख मात्र विसरू नका.