टाळकरी कुठे होते?

समर्थ रामदासांचं जांब ज्या तालुक्यात आहे, त्या घनसावंगीत अध्यक्षानं चार गोड शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. ते स्वागताध्यक्ष बोलून गेलेत. मी माळकरी आहे, म्हणून आज माझ्याच माणसांशी भांडणार आहे.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. 10 मे 2024 ला कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. शिक्षा झालेले दोघेही आपल्या शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यातले. आपण काय म्हणालो? ‘दोन टाळकी बिघडली, आमचा काय संबंध?’

गुन्हा गोळी झाडणाऱ्याचाच, तो मी कुणाच्या माथी मारत नाही. पण खुनाआधीची वर्षं आठवा. दाभोलकर मागत असलेला जादूटोणाविरोधी कायदा आला की वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, ही आवई गावोगाव फिरत होती. ती खोटी आहे हे कळणारी शहाणी माणसं आपल्यात होती. त्यातले किती जण कीर्तनात उभे राहून बोलले? दाभोलकर धर्म बुडवायला निघालेत, हे आपण ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं अडलेला कायदा त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम होऊन आला. तो कायदा उघडून वाचा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

ऑगस्ट 2022 मध्ये जांबच्या राममूर्ती चोरीला गेल्या. तालुका पेटून उठला, विधानसभेत विषय गाजला, ऑक्टोबरमध्ये मूर्ती मिळाल्या. योग्यच झालं. पुढच्या मार्चमध्ये, ऐन रमजानात, आपल्याच जालना जिल्ह्यातल्या अन्वा गावच्या इमामांनी तक्रार दिली, की मशिदीत घुसून रामाच्या नावाची घोषणा द्यायला सांगितली, मारलं, दाढी कापली. तपास पोलीस करतील, निवाडा कोर्ट करील. पण या तक्रारीत आपला रामच ओढला गेला होता ना? मग रामभक्तांचा मोर्चा का नाही निघाला?

‘मुसलमानांना विचारा की!’ मागून कुणीतरी म्हणालंच. विचारतो. मुस्लीम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला तलाकच्या प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा सोबत सात बायका होत्या. सातच. बाकीचे सज्जन मुसलमान घरात बसले, आणि धर्माच्या नावानं कोण बोलणार ते कट्टरांनी ठरवलं. तो हिशेब त्यांनी द्यावा. पण त्यांचा द्यायचा राहिला म्हणून आपला माफ होत नाही.

सज्जनपणा फुकट मिळत नसतो, मंडळी. कट्टर माणूस आपलीच पोथी घेऊन, आपल्याच मांडवात बोलतो. त्याला तिथल्या तिथे ‘खोटं बोलतोस’ म्हणणं नास्तिकाला जमत नाही, त्याचं ऐकतो कोण? ते माळकऱ्यालाच जमतं. जमत असून जो बोलत नाही, तो जबाबदार आहे. माझ्यासकट.

इथे बरेच कीर्तनकार बसलेत. महाराज, येत्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला उभे राहाल, तेव्हा त्या कायद्यातलं सवलतीचं कलम मोठ्यानं वाचा, आणि दाभोलकरांच्या खुनाचा निषेध त्यांचं नाव घेऊन करा.